बिनडोक्याचा जीन

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ज्या ऑफिसात सगळं वेळच्या वेळी, सुरळीत होतं, तिथे ते फिरकतसुद्धा नाहीत. आमच्याकडे बहुतेक प्रयोग फसायचे, त्यामुळे किस्से ढिगाने! अजूनही आम्ही जुनी मंडळी भेटलो की नंदाचा विषय निघतोच, आणि मग समोरचा चहा गार होतो.

आमची लॅब तुर्भ्याला, कारखान्यांच्या मधोमध. नव्वदीची सुरुवात. एका अंगाला मसाले दळणारी गिरणी, दुसऱ्या अंगाला रंगाचा कारखाना. वारा इकडून आला की शिंका, तिकडून आला की डोकेदुखी. बाहेर ट्रकची रांग आणि आत आम्ही. डॉ. सबनीस, म्हणजे आमचे सर. नंदा, त्यांच्याकडे पीएचडी करणारी मुलगी. आणि मी मंगल, लॅबची असिस्टंट. बाटल्या धुण्यापासून सरांचा चष्मा शोधण्यापर्यंत सगळं माझ्याकडे!

आमचं काम चालायचं एका जीनवर. माणसाच्या शरीरात हा जीन एक एंझाइम बनवतो, आणि ते एंझाइम फॉस्फोलिपिड बनवायला लागतं. फॉस्फोलिपिड म्हणजे एक प्रकारची चरबीच, पण कामाची. प्रत्येक पेशीचं आवरण तिचं. फुप्फुसांना आतून तिचा पातळ थर असतो, म्हणून तर बाळ जन्मलं की त्याची फुप्फुसं उघडतात आणि ते टाहो फोडतं. थर नसेल तर फुप्फुसं मिटून बसतात.

हे सगळं मी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत हळदीकुंकवाला अगदी छान समजावून सांगितलं. बायकांच्या कानात शब्द राहिला एकच, चरबी! दुसऱ्या दिवशी जिन्यात देशमुखवहिनींनी मला गाठलं.

"मंगल, तुमच्याकडे चरबीवर संशोधन चालतं म्हणे? थोडंसं औषध आणशील का गं? मी कुणाला सांगणार नाही."

"अहो वहिनी, आम्ही चरबी कमी नाही करत. ती बनते कशी ते शोधतो!"

वहिनींनी स्वतःकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

"त्यात शोधायचंय काय? मला विचारा की!"

*

नंदा साताऱ्याकडची. बोनकोड्यात एका खोलीत भाड्याने राहायची. बोलायला फटकळ, पण आतून लोण्यासारखी. या जीनच्या मागे ती का लागली, हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं बाळ दिवस भरायच्या आधी आलं. फुप्फुसं उघडलीच नाहीत. ते रडलंच नाही.

"मंगलताई, सगळे म्हणाले देवाची मर्जी. मी म्हटलं, आधी बघू तरी, अडलं कुठे ते!"

अशा बाळांवर काम करणाऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला संशोधनाची जागा द्यायला तयार होते. अट एकच, पीएचडी हातात पाहिजे. आणि पीएचडीसाठी तो जीन पाहिजे, पूर्ण. इथेच सगळं घोडं अडलं होतं.

जीन काही सरळ उचलता येत नाही. आधी ताज्या पेशींतून आरएनए काढायचा, म्हणजे जीनची कच्ची नक्कल. मग त्यावरून जीन जुळवायचा. पण आरएनए भलताच नाजूक. बोटांचा नुसता घाम लागला तरी त्याचे तुकडे होतात. अशा तुकड्यांतून नंदाला दर वेळी जीनची शेपटी मिळायची, डोकं, म्हणजे सुरुवातीचा भाग, मिळायचंच नाही. दर सोमवारी सर विचारायचे, "डोकं सापडलं?" आणि नंदा म्हणायची, "नाही सर, माझंही गेलं!"

सरांनी लॅबभर पाट्या लावल्या. 'बोट हा शत्रू आहे.' ग्लोव्ह्जशिवाय कुणी नळीजवळ गेलं की सर अंगावर यायचे. मी एकदा लांबून नळी नुसती बघितली, तरी म्हणाले, "मंगलबाई, श्वास तिकडे सोडा!"

एकदा नंदाने जीव ओतून आरएनए काढला. इतका सुरेख की सर हरखून गेले. पुण्याहून दोन पाहुणे आले होते, त्यांना घेऊन सर टेबलाशी आले. नळीचं झाकण उघडलं नि म्हणाले, "हे बघा. इथे माणसाचं बोट लागता कामा नये. कुठे? तर इथे!"

आणि उघडं बोट नळीत!

पाहुणे बोटाकडे बघतायत, नंदा सरांकडे, मी छताकडे. सरांनी बोट हळूच बाहेर काढलं, रुमालाला पुसलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "तर आता तुम्हाला समजलं असेल, हे काम किती अवघड आहे!"

*

आरएनए काढायचा तर माणसाच्या ताज्या पेशी हव्यात. त्या कोण देणार? नंदाने शोध लावला वारेचा. बाळंतपणानंतर वार पडते, ती बहुतेक हॉस्पिटलं टाकूनच देतात. कोपरखैरण्याच्या एका प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाई सरांच्या ओळखीच्या होत्या. बाळंतीण वार द्यायला तयार असेल तर त्या आम्हाला फोन करायच्या. मी आणि नंदा बर्फ भरलेला स्टीलचा डबा घेऊन जीपने सुटायचो.

जाताना ठीक. येताना ट्रक! त्या रस्त्यावर तेव्हा ट्रक अडकले की ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्ह पेटवायचे. बर्फाचं पाणी व्हायचं आणि आरएनएचा भुगा.

एका सकाळी नाकाबंदीत एका हवालदाराने आम्हाला अडवलं. डबा नंदाच्या मांडीवर.

"डब्यात काय?"

"वार," नंदा म्हणाली.

"कसली वार?"

"माणसाची."

हवालदार एक पाऊल मागे सरकला. "कुणाची?"

"नाव विचारलं नाही," नंदा म्हणाली. मी तिला चिमटा काढला, पण तोवर शिट्टी वाजली होती!

आम्हाला खाली उतरवलं. झाकण उघडलं. हवालदाराने आत बघितलं आणि तोच खुर्ची शोधायला लागला. मग मी त्याला नीट समजावलं. बाळ, फुप्फुसं, पहिलं रडणं, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चेहरा उतरलेला.

"माझ्या मिसेसला आठवा लागलाय," म्हणाला. "डॉक्टर बोलले, लवकर होईल वाटतं. मग तुमचं ते औषध तोपर्यंत..."

नंदाचा फटकळपणा कुठच्या कुठे पळाला. "औषध नाही हो अजून. पण तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात नाव घाला, आजच. तिथे लहान बाळांसाठी मशिनं आहेत." आणि तिने स्वतःच्या हाताने त्याला हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला.

त्या दिवशीची वार वायाच गेली. पण पुढच्या प्रत्येक खेपेला आमची जीप लांबून दिसली की हा गडी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ट्रकवाल्यांवर ओरडायचा, "ए, बाजू घे! वार येतेय, वार!" मंत्र्याला मिळत नसेल असा रस्ता! त्याला मुलगी झाली, जरा लवकरच, पण ठणठणीत. पेढे घेऊन तो लॅबमध्ये आला तेव्हा सरांनी पाटीकडे बोट दाखवून त्याला आधी हात धुवायला लावले.

*

रस्ता मिळाला तरी बर्फ काही टिकेना. शेवटी नंदाच म्हणाली, वार लॅबमध्ये आणण्यापेक्षा लॅबच वारेकडे नेऊ. लिक्विड नायट्रोजनची टाकी जीपमध्ये घालून आम्ही प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत ठाण मांडलं. वार पडली की तुकडा लगेच टाकीत. गोठला की काही बिघडत नाही.

झाकण काढलं की टाकीतून पांढराशुभ्र धूर जमिनीवर उतरायचा. बाकावर बसलेल्या बायका पाय वर घ्यायच्या. एक म्हातारी मात्र तशीच बसून होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. घणसोली गावातल्या पाटीलआजी. सुनेला नुकताच मुलगा झाला होता. सून कधीच 'हो' म्हणाली होती, पण आजी उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"वार देनार नाय. वार आमी दारात पुरताव. माझ्या पोरांच्या पुरल्या, माझी बी पुरलेली हाय. ह्या धुरान कशी टाकू?"

नंदा म्हणाली, "आजी, सगळी नको. एवढासा तुकडा द्या. बाकीची तुम्ही घरी न्या."

"तुकडा कनाला?"

नंदाने सांगितलं. बहिणीच्या बाळाचंही सांगितलं. ते ती माझ्याखेरीज कधी कुणाला सांगायची नाही. आजी ऐकत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारलं, "वार कुनाची असते गं? आयची का बालाची?"

"बरीचशी बाळाचीच असते, आजी."

"म्हंजे माझ्या नातवाची." आजी बाजूला झाल्या. "मंग घे. पन आमच्या पोराच्या वारेला यश आला, तर पयला मना येऊन सांगायचा!"

तुकडा टाकीत गेला, धूर उसळला. आजी वाकून बघत होत्या. एकदम काळजीने म्हणाल्या, "गे बाय, तिकडं माझ्या नातवाला, दादूसला, थंडी तर वाजनार नाय ना?"

नंदा हसली नाही. टाकीवर स्वतःची शाल घातली आणि म्हणाली, "आता नाही वाजणार."

नायट्रोजनला शाल! सरांना कळलं असतं तर झीटच आली असती. पण आजींनी त्याच दिवशी विचारलं, "रातीस कुठं ऱ्हातेस तू?" आणि पुढच्या महिन्यात नंदा बोनकोड्याची खोली सोडून घणसोलीत आजींच्या माडीवर राहायला गेली!

*

दादूसच्या वारेतून डोकं सापडलं. खरंच सापडलं! अंधाऱ्या खोलीतून नंदा ओली फिल्म घेऊन बाहेर आली. आधी रडली, मग मला मिठी मारली, मग सरांना मारायला गेली आणि ऐन वेळी थांबून नमस्कार केला.

मग सुरू झालं वाचन. फिल्मवर काळ्या रेघा असतात, त्या खालून वर एकेक वाचायच्या. ए, सी, जी, टी, एवढीच चार अक्षरं, पण संपता संपत नाहीत. नंदा म्हणायची, मी लिहायची. लिहिलेले कागद आम्ही भिंतीवर एकापुढे एक चिकटवले.

एका दुपारी पाटीलआजी दादूसला कडेवर घेऊन आल्या. हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. सुकटीचा वास मसाल्याच्या गिरणीलाही भारी पडला. नंदाचं चाललं होतं, "ए, ए, जी, सी, टी..." आजी हात जोडून उभ्या राहिल्या. संपल्यावर हळूच मला विचारलं, "कंचा मंतर हाय?"

"मंत्र नाही आजी. तुमच्या दादूसच्या शरीरात काय लिहिलंय ते वाचतोय."

आजींनी सगळ्या भिंतीवरून नजर फिरवली.

"भटजीन पत्रिका येका कागदावर केली. तुमी भितभर केली!" मग सरांकडे वळल्या. "सायब, लगन कवा हाय त्याचा?"

सर फार गंभीरपणे भिंतीपाशी गेले, चष्मा पुसला, दोन-तीन कागद वाचले आणि म्हणाले, "आजी, तेवढं डोकं अजून आम्हाला सापडलेलं नाही."

*

हे एवढं सगळं छान चाललंय आणि परदेशी मासिकाचा अंक आला. त्यात तोच जीन. पूर्ण. डोक्यासकट! दुसऱ्या कुठल्या लॅबने आमच्या आधी छापला होता.

मी नंदाला इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. जेवेना, बोलेना. खिडकीत बसून ट्रक बघत राहायची. मलाही इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या, धुतलेल्यासुद्धा.

घणसोलीत आजींना कळलं. त्या तरातरा लॅबमध्ये आल्या.

"कुनी चोरला?"

"चोरला नाही आजी, त्यांना आधी सापडला," सर म्हणाले.

"मंग आमचा आमाला परत आना!"

सरांनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग नंदाकडे बघून म्हणाले, "ही बाई बरोबर चिडलीय, तू मात्र उगाच रडतेस. अगं, त्यांनी आपला जीन आपल्याला फुकटात तपासून दिला! ताडून बघ आणि प्रबंध लिहायला बस."

नंदाने ताडून बघितलं. सगळं जुळलं. फक्त एक अक्षर सोडून. त्यांच्या जीनमध्ये तिथे सी, आमच्या दादूसच्या जीनमध्ये टी. पुन्हा फिल्म काढली. टी. पुन्हा काढली. टीच!

सर म्हणाले, "माणसामाणसांत असा फरक असतो. पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणीतरी हे धरणार. आपलं एंझाइम या अक्षरानेही चालतं हे दाखवायला हवं." त्या प्रयोगाचं केमिकल मागवलं. ते मुंबईच्या विमानतळावर उतरलं आणि कस्टममध्ये जे अडकलं ते अडकलंच. माझ्या अंदाजाने अजून तिथेच असेल!

*

आता शेवटचा किस्सा. तो कुणीही सांगितला तरी नंदा मध्येच थांबवून म्हणते, "मंगलताईंना सांगू दे."

व्हायवा आमच्याच लॅबच्या हॉलमध्ये होती. कुणीही येऊन बसावं अशी. घणसोलीहून पाटीलआजी सकाळीच हजर. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ आणि कडेवर दादूस. आता तो चांगला दोन वर्षांचा झाला होता, गुटगुटीत. डोळ्यांत काजळ, गालावर तीट.

"आजी, आज नंदाची परीक्षा आहे," मी म्हटलं.

"नंदाची कशाला? जीन आमच्या पोराचा, निकाल बी त्याचाच!" म्हणत त्या शेवटच्या रांगेत ऐसपैस बसल्या.

बाहेरचे परीक्षक म्हणजे अंगाने सुकडे, उंच आणि न हसणारे. नंदाने तासभर सुंदर बोलून दाखवलं. मला तर भरून आलं. हॉस्पिटलचं बोलावणं तिच्या पर्समध्ये होतं, आज पास झाली की पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं. मग परीक्षकांनी प्रबंध उघडला आणि थेट त्याच पानावर बोट ठेवलं.

"इथे एक अक्षर वेगळं आहे. वाचण्यातली चूक?"

"नाही सर. पुन्हा पुन्हा तपासलंय."

"मग टिश्यूत, त्या वारेतच, दोष असेल. या एका अक्षराने एंझाइम बंदच पडत असेल तर? ते काम करतं याचा पुरावा कुठे आहे?"

"सर, त्या प्रयोगाचं केमिकल..."

"केमिकलची कहाणी नको! हे एंझाइम फुप्फुसांसाठी किती महत्त्वाचं आहे, हे तुम्हीच तासभर सांगितलंत. आणि तुमचं चालतं की नाही हेच तुम्हाला माहीत नाही? आणखी एक वर्ष काम करा. मग बघू!"

नंदाचा चेहरा पांढराफटक पडला. एक वर्ष म्हणजे ती जागा गेली. सर उठून काही बोलणार, तेवढ्यात परीक्षकांनी तो जाडजूड प्रबंध धाडकन मिटून टेबलावर आपटला.

दादूस आजींच्या मांडीवर पेंगत होता. तो दचकला. त्याने तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला, आणि असा काही टाहो फोडला की हॉलच्या काचा थरथरल्या! गिरणीतले कामगार हात थांबवून खिडकीशी आले. रंगाच्या कारखान्याचा वॉचमन काय झालं बघायला धावत आला.

परीक्षकांनी कानांवर हात ठेवले. "हे मूल कुणाचं? इथे कोणी आणलं?"

पाटीलआजी उभ्या राहिल्या. रडता दादूस दोन्ही हातांनी वर उचलून धरला.

"ह्योच तो, सायब! ह्याचीच वार!"

परीक्षकांनी नंदाकडे बघितलं. नंदाने मान डोलावली. तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. परीक्षक दादूस थांबायची वाट बघत राहिले. दादूस थांबला, पण श्वास घ्यायला. मग त्याने पहिल्यापेक्षा वरचा सूर लावला.

परीक्षकांनी कानांवरचा एक हात काढला, खिशातलं पेन काढलं, प्रबंध उघडून पहिल्या पानावर सही ठोकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"पुरावा मिळाला! आता त्याला बाहेर न्या!"